न्हाई म्हणायची सोय

“काय तांबोळी, तुमचं कोर्ट कधी उघडतंय?”

शिरूरच्या बाररूममध्ये दिवसाची सुरुवात या प्रश्नानं व्हायची. विचारणारा रोज वेगळा असे, प्रश्न तोच. आणि लतीफ तांबोळी वकील काळ्या कोटाची बटणं लावता लावता रोज नवं उत्तर देत. “मुहूर्त चांगला निघत नाही.” “इमारत तयार आहे, शिपायांची भरती राहिलीय.” “कुलूप सापडलंय, किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी चालू आहे.” मग खोलीत हशा पिके आणि सगळे आपापल्या बांधाच्या नि विहिरीच्या भांडणांकडे वळत.

हे कोर्ट म्हणजे सगळ्या जगाचं फौजदारी कोर्ट. युद्धात किंवा युद्धाच्या नावाखाली ज्यांनी माणसं मारली, छळली, उपाशी ठेवली त्यांना समोर उभं करायचं, मग तो साधा शिपाई असो की देशाचा प्रमुख, आणि विचारायचं की बाबा, असं का केलंस? सत्तावन्न-अठ्ठावन्न सालात शिरूरला बसून हे स्वप्न बघणारा एक माणूस आमच्यात होता. आता तसं कोर्ट परदेशात खरोखरच उघडलेलं आहे. परवा पेपरात त्याच्याबद्दल काहीतरी आलं होतं. नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मला एकदम कात-चुन्याचा वास आला. म्हणून हे लिहायला बसलो.

वास कात-चुन्याचा, कारण तांबोळींचं ऑफिस पानाच्या दुकानामागे होतं. एसटी स्टँडसमोर त्यांच्या थोरल्या भावाचं दुकान. पक्षकारानं आधी दुकानाची फळी उचलून आत शिरायचं, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या पानांच्या टोपल्या ओलांडायच्या, मग वकील भेटायचे. लहानपणापासून पानं पुसण्यात हात मुरलेला, त्यामुळे पुस्तकाचं पानही ते आधी बोटानं पुसत आणि मग उलटत. खूण म्हणून विड्याच्या पानाचा देठ घालत. त्यांच्याकडचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडलं की चार-सहा वाळके देठ मांडीवर पडायचेच. बरं, कुठला देठ कुठल्या मुद्द्याचा, हे त्यांना पाठ. एकदा त्यांच्या भाभीनं दिवाळीच्या साफसफाईत सगळे देठ झाडून पुस्तकं लख्ख केली, तर या माणसाला दोन दिवस जेवण गेलं नाही.

अंगानं किरकोळ, उंची बेताची, आवाज मात्र खणखणीत. डोक्यावर काळी लोकरीची टोपी, ती कोर्टात शिरताना दोन्ही हातांनी सरळ करायची सवय. आणि एक खोड अशी, की समोर कोणीही असो, अगदी कोंबडीचोर असला तरी त्याला ‘तुम्ही’ म्हणायचं. ज्याला जन्मात कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नाही असा माणूस त्यांच्यासमोर बसला की आधी मागे वळून बघे, आपल्या पाठीमागे कोण आलंय ते.

मी खुटबावचा. घरात शिकलेला पहिलाच, वकील तर सात पिढ्यांत पहिला. नवी सनद घेऊन शिरूरला आलो तेव्हा बसायला जागा नव्हती. तांबोळींनी आपलं अर्धं टेबल दिलं आणि मला ‘खुटबावकर’ असं नाव देऊन टाकलं. आमच्या आबांना हे फारसं पसंत पडलं नाही. ते म्हणाले, “त्या वकिलाच्या नादी लागू नगंस. तो जगाची भांडणं सोडवतोय. आपली बांधाची कोण सोडवायची?” आबांचं चुकत होतं असंही नाही. तांबोळी बांधाची भांडणंही चांगली सोडवत, पण मधेच त्यांना आठवे की दोन देशांचीही अशीच हद्द असते, आणि मग पक्षकाराला अर्धा तास दोन देशांत बसावं लागे.

शनिवारचं कोर्ट आटोपलं की ते एसटीनं दौंडला जात. शिरूरला रेल्वे नाही. मुंबईत त्यांचा फौजेतला एक जुना सोबती होता. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून खटल्यांचे अहवाल, परिषदांची इतिवृत्तं, जे हाताला लागेल ते शोधून, गोणपाटात शिवून रेल्वेनं दौंडला पाठवी. पार्सल ऑफिसातला बाबू दर वेळी ते गाठोडं उचलून बघे.

“एवढं जड! काय हाय वकीलसाहेब आत?”

“गुन्हे,” तांबोळी सही करता करता म्हणत.

“कुणाचे?”

“सगळ्यांचे.”

बाबू गाठोडं पटकन पुढे सरकवून देई.

दौंडला त्यांची बहीण दिलेली होती. तिचे यजमान हुसेनभाई इंजिन ड्रायव्हर, राहायला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. एकदा मीही बरोबर गेलो होतो. चहा होतो न होतो तोच तांबोळींनी गाठोडं उसवलं आणि वर्ग सुरू केला. श्रोते तीन: हुसेनभाई, मी आणि आत स्वयंपाकघरात त्यांची बहीण, आपा.

“समजा, एका शिपायाला वरून हुकूम आला. समोरच्या कैद्यांच्या हातात काही नाही, तरी घाला गोळ्या. त्यानं घातल्या. पुढे पकडला गेला. तो म्हणतो, माझा काय दोष? मला हुकूम होता. सोडायचा का त्याला?”

हुसेनभाईंनी बशीतला चहा संपवला. “ह्यात इचारायचं काय वकीलसाब? माझा सिग्नल हिरवा हाय. म्हंजी हुकूम झाला, जा म्हणून. आन् समोर रुळात गँगमन बसलाय, मला दिसतोय. मी गाडी घातली तर काय सांगणार, सिग्नल हिरवा हुता? ब्रेक कुणाच्या हातात हाय? माझ्या का सिग्नलच्या?”

तांबोळी उठून उभेच राहिले. खिशातली वही काढली, वाक्य लिहून घेतलं. “खुटबावकर, हे समजवायला त्या गाठोड्यातल्या पंडितानं चाळीस पानं घेतलीत!”

तेवढ्यात आतून आपाचा आवाज आला. “आन् ब्रेक मारला म्हून साहेबानं नोकरीवरनं काढलं तर? पोरान्ला काय सिग्नल घालू खायला?”

हुसेनभाई हसले, मीही हसलो. तांबोळी हसले नाहीत. वही उघडी तशीच ठेवून ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. मोठं महायुद्ध संपल्यावर जे खटले चालले त्यांतून काही तत्त्वं काढून जगातल्या विद्वानांनी ती कलमवार मांडली होती. तांबोळींनी ती मराठीत उतरवायला घेतली होती. पुस्तकी मराठीत नव्हे. “गावच्या माणसाला जो समजत नाही तो कायदा त्याच्यावर लावायचा कसा?” असं ते म्हणत. वाक्य लिहायचं आणि एसटीच्या कंडक्टरपासून न्हाव्यापर्यंत दिसेल त्याला वाचून दाखवायचं. समोरच्याची मान हलली तर ठेवायचं, नाहीतर खोडायचं. शिरूरचा आमचा न्हावी तर गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावता लावता “देशाचा राजा असला म्हणून सुटका नाही,” असं बजावू लागला होता.

अडलं होतं ते हुकमाच्या कलमावर. ‘वरिष्ठाचा हुकूम होता एवढ्यावर कोणी सुटत नाही, जर त्याला...’ इथे वहीत रिकामी जागा होती. मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ असा, की हुकूम मोडायचा मार्ग त्या माणसापुढे खरोखर उघडा असेल तर. तांबोळींनी पहिल्यांदा लिहिलं, ‘नैतिक निवड वस्तुतः शक्य असेल तर’. हुसेनभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हे कुणाला म्हणताय?” खोडलं. मग आणखी चार प्रकारे लिहिलं, चारही खोडले. आपाचा प्रश्न नेमका त्या रिकाम्या जागेत बसला होता आणि त्यांना ते कळलं होतं.

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. हे वेड कुठून लागलं, असं मी सहज विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. वकील होण्याआधी ते फौजेत कारकून होते. युद्ध संपल्यावर सिंगापुरात जपानी सैनिकांवर खटले चालले, तिथे जबाब टाइप करायला यांना बसवलं होतं. आपले पकडले गेलेले जवान ज्यांनी मारहाण करून, उपाशी ठेवून मारले, ते पहारेकरी आरोपी.

“त्यात एक विशीतला पोरगा होता. शेतकऱ्याचा असावा, हात तसे होते. विचारलं, पाणी का दिलं नाहीस? म्हणे, हुकूम होता. आजाऱ्याला का मारलंस? हुकूम होता. मी आपला टाइप करतोय. शेवटी माझी बोटं प्रश्नाआधीच उत्तर टाइप करायला लागली. आणि खुटबावकर, तो खोटं बोलत नव्हता. हुकूम खरंच होता. मला सारखं वाटायचं, यातल्या एकानं तरी म्हणावं की मी नाही म्हणालो होतो. एकानं तरी. नाही मिळालं मला ते टाइप करायला.”

एवढं बोलून ते कंडक्टरला जॅक लावायला मदत करू लागले. आम्ही ज्याची रोज थट्टा करत होतो ते या माणसाला किती आतून लागलेलं होतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी थट्टा बंद केली, तर त्यांनीच विचारलं, “काय हो, आज कोर्ट कधी उघडतंय ते विचारलं नाहीत? बरं आहे ना?”

त्या उन्हाळ्यात धोंडिबा आला.

भीमेकाठच्या एका गावचा हा कोतवाल. गावाचं नाव सांगत नाही, पाटलांची नातवंडं अजून तिथं नांदतात. उन्हाळ्यात नदी ओसरली की वाळूत आळी करून भोई लोक कलिंगडं नि काकड्या लावत. तिथं गंगूबाई नावाच्या एकट्या बाईचे वेल होते, आणि पाटलांना नेमक्या त्याच जागेतून आपल्या पाणी उपसायच्या नव्या इंजिनाचा पाइप न्यायचा होता. बाई हटेना. मोकाट जनावरं कोंडायच्या कोंडवाड्यात तेव्हा वीस-बावीस गुरं होती. पाटलांनी धोंडिबाला बोलावून सांगितलं, “उद्या सकाळी ही जनावरं नदीला ने. आन् नेताना त्या बाईच्या वेलांवरनं ने.” सकाळी गुरं गेली, वेल गेले, फळ धरलेली सगळी आळी वाळूला मिळाली. गंगूबाईनं फिर्याद दिली. पाटील म्हणाले, “मी कशाला असलं सांगीन? कोतवालानं आपल्या मनानं केलं.” खटला एकट्या धोंडिबावर उभा राहिला. शिक्षा झाली असती तर कोतवालकी गेली असती, आणि ती गेली तर गावात त्याच्या बायकापोरांना आसरा उरला नसता.

यात एक गंमत होती. तीस वर्षांच्या कोतवालकीत पाटलांचा कुठलाही हुकूम ऐकला की हलगी गळ्यात अडकवायची आणि गावभर ओरडायचं, हे धोंडिबाच्या अंगात इतकं भिनलं होतं, की हा हुकूम गुपचूप अमलात आणायचा आहे, असं त्याला सुचलंच नाही. आदल्या संध्याकाळी गल्लीगल्लीतून त्यानं रीतसर दवंडी पिटली होती!

“काय म्हणालात दवंडीत?” तांबोळींनी विचारलं. आम्ही दुकानामागच्या खोलीत बसलो होतो.

धोंडिबानं ‘तुम्ही’ ऐकून मागे बघितलं, मग हात जोडून सांगितलं. “म्हणलो, ऐका हो ऐका, पाटलाच्या हुकमानं उद्या सकाळी कोंडवाड्यातली जनावरं गंगूबाईच्या वेलांवरनं नदीला जाणार हायती. ज्याची त्यानं सांभाळावीत हो!”

मी हसू दाबायला पुस्तकात तोंड घातलं. तांबोळी मात्र गंभीर होते. “सगळ्या गावाला सांगितलंत. नदीवर जाऊन गंगूबाईंना सांगितलंत?”

धोंडिबा खाली बघू लागला. तसाच म्हणाला, “न्हाई. तिला सांगाय जीभ रेटंना.”

“म्हणजे चुकीचं आहे, हे कळत होतं.”

“कळत हुतं.”

“मग का केलंत?”

तेव्हा तो गरीब माणूस पहिल्यांदा वर बघून बोलला. “तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा. मला न्हाई म्हणायची सोय हुती का?”

तांबोळींनी टेबलावरची वही ओढली, ती रिकामी जागा काढली आणि तिथे लिहिलं, ‘न्हाई म्हणायची सोय असेल तर’. मग टोपी काढून ठेवली आणि डोकं दोन्ही हातांत धरून बसले. कलम सुटलं होतं आणि खटला अडला होता.

बाररूममध्ये ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. जो माणूस दोन वर्षं सगळ्यांना ऐकवत होता की हुकूम हा बचाव नव्हे, त्याच्या अशिलाकडे तेवढा एकच बचाव! “आता बोला तांबोळी! तुमच्या कोर्टाचा कायदा लावणार की आमच्या?” थट्टेला ऊत आला. तांबोळी कोटाची बटणं लावत तसेच कोर्टात निघून जात. त्या शनिवारी ते दौंडलाही गेले नाहीत.

मी म्हटलं, “साहेब, अशिलाला वाचवणं हे आपलं काम. सरळ म्हणा, हुकूम होता.”

“सिंगापुरात समोरून जे ऐकलं, ते आता मी माझ्या तोंडानं म्हणू?” ते म्हणाले. “आणि नाही म्हटलं तर हा माणूस बुडतो. कुठं तरी या दोहोंच्या मधून पायवाट असणार, खुटबावकर. विद्वानांनी उगीच नाही तो ‘जर’ घातला.”

पायवाट शोधायला आम्ही त्या गावी गेलो. गाव मोठा हुशार निघाला. दवंडी झाली का? “आमी न्हाई ऐकली.” तुम्ही? “आमी मळ्यात हुतो.” सगळा गाव त्या संध्याकाळी एकदम बहिरा झाला होता. पाटलांशी वाकडं कोण घेणार? शेवटी नदीवर गंगूबाईकडे गेलो. ती नवी आळी खणत होती. फिर्यादीकडे आरोपीचा वकील आलाय म्हटल्यावर आधी ती खुरपं घेऊनच उभी राहिली. तांबोळींनी तिला ‘बाईसाहेब’ म्हटलं तेव्हा खुरपं खाली गेलं. जाता जाता ती एवढंच म्हणाली, “साऱ्या गावाची गुरं माझ्या वेलांवरनं गेली. बाजीरावाच्या म्हशी तेवढ्या नव्हत्या. आठ दिस कोंडवाड्यात वरडत हुत्या, त्या नेमक्या आदल्या सांजंला कशा घरी गेल्या, ते इचारा की.”

बाजीराव म्हणजे पाटलांचे चुलतभाऊ, आणि खटल्यातले पाटलांच्या बाजूचे मुख्य साक्षीदार. तांबोळी परतीच्या वाटेवर गुणगुणत होते, त्यावरून मी ओळखलं की पायवाट सापडली.

तारखेला कोर्ट भरलेलं. बाजीरावांनी फेट्याचा शेमला सारखा केला आणि सांगितलं की पाटलांनी असला काही हुकूम दिला नाही, कोतवालाचंच डोकं फिरलं. तांबोळी उलटतपासाला उभे राहिले.

“तुमच्या दोन म्हशी आठ दिवस कोंडवाड्यात होत्या. त्याच संध्याकाळी घाईनं का सोडवून नेल्यात?”

“म्हंजी काय!” बाजीराव भडकले. “कच्ची कलिंगडं खाऊन फुगल्या असत्या म्हशी. कोण जबाबदार?”

“गुरं सकाळी कलिंगडांतून जाणार, हे तुम्हाला संध्याकाळीच कसं कळलं?”

“दवंडी झाली की! समद्यांनी ऐकली.”

“काय होती दवंडी?”

आता दवंडी ही अशी चीज आहे की ती मधूनच सांगता येत नाही. ती सुरू होते ती पहिल्यापासूनच, आणि तिच्या चालीवरच. बाजीरावांनी मान वर केली आणि भर कोर्टात आवाज लावला, “ऐका हो ऐका, पाटलाच्या हुकमानं—”

आणि जीभ चावली. पण तोवर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसायला घेतले होते आणि मागे गाव पोट धरून हसत होता. त्या हसण्यात गावाचं बहिरेपणही गेलं. पुढच्या दोन साक्षीदारांनी दवंडी अगदी स्वच्छ ऐकली असल्याचं सांगितलं.

हुकूम तर शाबीत झाला. इथे दुसरा कुठलाही वकील थांबला असता. तांबोळी टोपी सरळ करून बोलायला उभे राहिले.

“साहेब, हुकूम होता म्हणून माझ्या अशिलाला सोडा, असं मी म्हणत नाही. त्यांनी केलं. चुकीचं आहे हे त्यांना कळत होतं, कारण ज्या बाईंचं नुकसान व्हायचं त्यांना सांगायला यांची जीभ रेटली नाही. पण प्रश्न एवढाच आहे, की त्यांना न्हाई म्हणायची सोय होती का? गावात घर पाटलांच्या मर्जीनं, भाकरी पाटलांच्या मर्जीनं. ज्यांच्याकडे सगळी सोय होती ते हुकूम देणारे मात्र इथे आरोपी नाहीत, ते मागच्या बाकावर बसलेत.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, “मिस्टर तांबोळी, हा मुद्दा माझ्या कोर्टातला आहे की तुमच्या?”

“दोन्हीकडं लागू आहे, साहेब. इथे तारीख मिळते, एवढाच फरक.”

साहेब हसले, पण त्यांनी लिहून घेतलं. पाटलांनाही आरोपी करण्याचा विचार करावा लागेल, असं ते म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

ती तारीख यायच्या आतच प्रकरण मिटलं. बाहेर व्हरांड्यात तांबोळींनी धोंडिबाला गंगूबाईपुढे उभं केलं. “आता हुकूम-बिकूम काही नाही. तुमचं तुम्ही सांगा,” म्हणाले. धोंडिबानं तिच्या पायांकडे बघत सांगितलं, “बाई, माझं चुकलं. आधी तुला सांगाय पायजे हुतं.” गंगूबाईनं त्याला चार शिव्या दिल्या, त्यांतली एक फार जुनी होती, आणि मग म्हणाली, “खत वहायला ये उद्यापासनं.” तिच्याकडून समेट झाला आणि धोंडिबा सुटला. पाटलांनी आपला पाइप दुसरीकडून न्यायचं कबूल केलं आणि नुकसान भरून दिलं. पण बाई तेवढ्यावर राजी होईना. म्हणे, दवंडी पिटून माझे वेल गेले, दवंडी पिटूनच माफी पाहिजे. पाटलांनी मान्य केलं. न करून करतात काय, पुढच्या तारखेला आरोपी व्हायची वेळ होती. “ऐका हो ऐका, पाटलाचं चुकलं हो!” अशी दवंडी धोंडिबानं त्या दिवशी दोनदा पिटली. एक गल्ली राहिली की काय, अशी त्याला शंका आली म्हणे.

बाररूममध्ये आम्ही तांबोळींना भावाच्याच दुकानातली पानं आणून खिलवली. कोर्ट कधी उघडतंय, असं कुणी विचारण्याआधीच ते म्हणाले, “आज थोडं किलकिलं झालंय.” मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि आबांना मी तसं पत्रातून कळवलंही.

पुढच्या थंडीत माझं बारामतीला जायचं ठरलं. टेबलावरचे माझे कागद आवरायला दुकानामागे गेलो होतो, तेवढ्यात फळी उचलून धोंडिबा आत आला. धुळीनं भरलेला, पायी आलेला. रामराम केला आणि म्हणाला, “वकीलसायब, तेवढंच सांगाय आलोय. न्हाई म्हणलो.”

“कुणाला?”

“पाटलाला. शेजारच्या तुकारामावर राग हुता त्यांचा. मला म्हणले, त्याचा बैल मोकाट हिंडतोय म्हून कोंडवाड्यात घाल. आन् बैल त्याच्या दारात बांधलेला. म्हणलो, न्हाई पाटील, हे माझ्याच्यानं हुणार न्हाई.”

“मग?”

“मग काय न्हाई. पाटील लई वेळ बघत बसलं. मग ‘बरं’ म्हणलं आन् आत गेलं.”

तांबोळी उठले. टोपी काढली, पुन्हा घातली, डोळ्यांना रुमाल लावला, आणि एकदम मोठ्यानं हसू लागले. “खुटबावकर, ऐकलंत? सोय होती! मी भर कोर्टात साहेबांना सांगितलं की या माणसाला सोयच नव्हती. आता माझ्याच विरुद्ध अपील करायला हवं मला!”

मी म्हटलं, “साहेब, तेव्हा नसेल. आता झाली असेल.”

“असेल, असेल.” पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. धोंडिबाला गाडीत बसवून द्यायला ते स्वतः निघाले. मी कागद काखेत मारून मागोमाग. पुढे आमची पत्रं आली-गेली, पण गाठ पुन्हा पडली नाही. मला आठवतात ते तसे, शिरूरच्या एसटी स्टँडवर, धोंडिबाच्या खांद्यावर हात ठेवून चाललेले, आणि तोंडानं उलटतपास चालू. वेळ कोणती होती? सकाळची. पाटील कुठे होते? ओट्यावर. आणखी कोण होतं? कुणी न्हाई. आवाज चढवून म्हणालात की हळू? हळूच.

“आणि तुम्ही उभे होतात की बसला होतात?”

“बसलो हुतो.”

तांबोळी जागच्या जागी थांबले. त्या काळात पाटलांपुढे कोतवाल बसत नसे. “पाटलांसमोर? बसून न्हाई म्हणालात?”

“काय करता वकीलसायब,” धोंडिबा म्हणाला, “पाय लटलटाय लागलं. उभ्यानं न्हाई म्हणवंना, म्हून बसलो.”